पत नसलेली पदवीधर

३ मार्च

आत्या,

मी पोचल्याचं तुला फोनवर कळलंच आहे. पण फोनवर मी बोलते तरी कुणाशी? फोन बाबांच्या हातात, आवाज मोठा केलेला, मागे आई, शेजारच्या काकू आणि पंखा दुरुस्तीला घेऊन आलेलं गिऱ्हाईक. एवढ्या मंडळींसमोर माणूस ‘मी मजेत आहे’ याखेरीज काय सांगणार? म्हणून पत्र. पत्ताही घरचा घातला नाही, तू शाळेची व्हॅन उभी करतेस तिथल्या टपरीचा घातला आहे. का, ते पुढे कळेल.

काम चांगलं आहे. झटका येऊन एक बाजू लुळी पडलेले, गुडघे बदललेले, मांडीचं हाड मोडलेले लोक येतात. त्यांना उठायला, बसायला, चालायला पुन्हा शिकवायचं. सध्या मी दवाखान्यातच आहे. खरी नेमणूक मात्र पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम घेण्याची आहे. घरं चाळीस किलोमीटरमध्ये विखुरलेली आणि बस दिवसातून चार वेळा. म्हणून नेमणूकपत्रातल्या आठव्या कलमात लिहिलं आहे की ३१ मेपर्यंत गाडीची सोय झाली नाही तर नोकरी कायम होणार नाही. नोकरी नाही तर इथे राहायची परवानगीही नाही. हे कलम मी तिकडे असतानाच वाचलं होतं. तेव्हा वाटलं, गाडी काय, घेऊन टाकू. पदवी घेतली तशी.

आधी बँकेत गेले. खातं उघडायला राहत्या जागेचा पुरावा हवा. घरमालकाकडे गेले, तर खोली लिहून द्यायला त्याला बँकेचं खातं हवं. तीन दिवस मी या दोघांमध्ये टपालासारखी फिरले. शेवटी दवाखान्यातल्या कारकुनाने एक कागद दिला, ‘ही बाई खरोखर अस्तित्वात आहे’ अशा अर्थाचा. चोवीस वर्षं आहेच की मी. पण लेखी आत्ता मिळालं.

खातं उघडलं आणि गाडीच्या कर्जाचा विषय निघाला. खिडकीतल्या बाईंच्या हातात सदैव स्टेपलर असतो, म्हणून मी त्यांना स्टेपलरबाई म्हणते. त्यांनी विचारलं, ‘याआधी कुठे कर्ज, कार्ड, हप्ता, काही?’

मी पाठ ताठ केली आणि म्हटलं, ‘आमच्या घरात आजवर कुणी एक पैसा कर्ज काढलेलं नाही.’

एवढं बोलून मी थांबले. मला वाटलं, त्या उठून माझा हात हातात घेतील. त्या म्हणाल्या, ‘अरेरे.’

मग मी त्यांना स्वावलंबनाबद्दल थोडं सांगितलं. थोडं म्हणजे रांगेत मागे उभा असलेला माणूस तिसऱ्यांदा खोकेपर्यंत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘तुम्ही चांगल्याच असाल. पण आमच्या मशीनला तुम्ही दिसतच नाही.’ ज्याने कधी घेतलं नाही तो परत करतो की नाही, हे यांना कळायला मार्गच नाही म्हणे. म्हणजे आपण जे दागिन्यासारखं मिरवतो, ते इथे आजारपण आहे.

पगार साठवून गाडी घ्यायची तर मी हिशेब केला आहे. जानेवारी उजाडेल.

बाबांना यातलं काही बोलू नकोस. त्यांना मी ‘गाडीचं चाललं आहे’ एवढंच सांगितलं आहे. ते खोटं नाही. चाललं आहेच. फक्त मी चालते आहे.

तुझी,
अदृश्य भाची


१७ मार्च

मास्तरीणबाई,

तुझं पत्र टपरीवाल्याने दोन दिवस चहाच्या बरणीखाली ठेवलं होतं, म्हणून त्यावर गोल डाग आहे. मुलांना शाळेत सोडून व्हॅनमध्ये बसून वाचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हसू आवरलं.

सहा वर्षांची असताना तू माझ्या व्हॅनमधल्या मुलांना तोंडावर बोट ठेवून बसवायचीस, तेव्हाच मी तुझ्या आईला म्हटलं होतं, ही पुढे कुणालाही भाषण देईल. बँकेत देईल असं वाटलं नव्हतं. अगं, दुकानदारासमोर आपल्या घराण्याची कीर्ती सांगू नये. दाम विचारावा आणि पिशवी पुढे करावी.

तुझ्या बापाचं म्हणशील तर तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोय की पोरगी गाडीने पेशंट बघत हिंडते. पंखा नेणाऱ्याला सांगतो, मिक्सर आणणाऱ्यालाही सांगतो. ‘चाललं आहे’चं त्याने ‘झालं’ करून टाकलंय. तू वेळेवर दुरुस्त कर, नाहीतर मलाच काहीतरी बोलावं लागेल, आणि मला नीट खोटं बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे.

बँकेतली पत-बित मला कळत नाही, गाडीचं कळतं. ते लिहून ठेव. जुनी गाडी बघायला जाशील तेव्हा न सांगता अर्धा तास आधी जा. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर मालकाने ती आधीच चालू करून ठेवली आहे, म्हणजे थंड असताना ती सुरू व्हायला रडते. तेलाची काडी काढून वास घे. जळका आला तर नमस्कार करून निघ. चारही टायर बघ. एकच टायर एका बाजूने झिजलेला असेल तर ती कधीतरी ठोकलेली आहे. आणि मालक फार गोड बोलायला लागला तर दोन पावलं मागे सर.

तुझ्या लायसन्सचं भाषांतर आणि त्यावरचा शिक्का वेगळ्या पाकिटात कुरियरने पाठवलाय. शिक्केवाल्याने दोन फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या फेरीला मी मुलांसकट व्हॅन त्याच्या दारात लावली. पाच मिनिटांत शिक्का मिळाला.

जेवत जा.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

लायसन्सचा कागद मिळाला. त्या शिक्केवाल्याला माझ्यातर्फे सॉरी सांग. किंवा नको सांगूस.

आता आनंदाची बातमी. मी मशीनला दिसायला लागणार आहे. स्टेपलरबाईंनी मला कार्ड दिलं. त्याची गंमत अशी की आधी मी माझे पैसे बँकेत अनामत ठेवायचे. मग बँक मला माझ्याच पैशांएवढी उधारी देणार. मग मी ती उधारी माझ्याच पैशांनी फेडायची. आणि मग बँक म्हणणार, वा, ही फेडते हं. आपल्या गल्लीत लहान मुली भातुकलीत असंच करतात. फरक एवढाच की त्यांना कुणी फॉर्म भरायला लावत नाही.

तत्त्वाने मला उधारी पटत नाही. पण मी यातूनही मार्ग काढला आहे. दिवसभरात कार्डावर दूध, भाजी, बसचं तिकीट जे काही होईल ते मी त्याच संध्याकाळी बँकेत जाऊन भरून टाकते. बिल यायची वाटच बघत नाही. म्हणजे कार्डही वापरलं जातं आणि झोपताना डोक्यावर एका पैशाचंही ओझं नाही. संध्याकाळच्या खिडकीवरचा माणूस मला आता ओळखतो. मला बघितलं की खुर्चीत जरा खाली सरकतो. स्टेपलरबाई या महिन्यात दुसऱ्या शाखेत आहेत, नाहीतर त्यांना दाखवलं असतं.

गाडीही बघून आले, तुझ्या नियमाने. अर्धा तास आधी गेले, बॉनेटवर हात ठेवला. ऊब कळावी म्हणून डोळे मिटले. पेशंटच्या गुडघ्याची सूज बघताना आम्ही असंच करतो. डोळे उघडले तर मालक टोपी काढून मान खाली घालून उभा. त्याला वाटलं, माझं काहीतरी धार्मिक चाललंय. मी हात काढेपर्यंत बिचाऱ्याने टोपी परत घातली नाही. गाडी थंड होती. तेलाचा वास ठीक होता. टायरही बरे. किंमत कळल्यावर मात्र बॉनेटपेक्षा माझाच हात गार पडला.

एक काम आहे. विमा कंपनीला तिकडचा अनुभव दाखवणारं पत्र हवं आहे. मी तुझ्या व्हॅनवर शिकले आणि सुट्टीत पाच वर्षं तुझ्या शेजारी बसून ती चालवली, एवढं तुझ्या नावाने, सहीशिक्क्यानिशी लिहून पाठव. ‘कधीही अपघात नाही’ हे वाक्य त्यात हवं. इथे सगळ्यांच्या पत्रात ते असतं म्हणे.

अजून दोन महिने आहेत. होईल.

तुझी,
पुसट पुसट दिसू लागलेली


१६ एप्रिल

मास्तरीणबाई,

पत्र पाठवलं. भाषांतर करून, शिक्का मारून. नक्कल तुलाही जोडली आहे.

‘कधीही अपघात नाही’ असं मी लिहिलेलं नाही. माझ्या व्हॅनमध्ये दुसऱ्यांची मुलं बसतात. व्हॅनला कुठे काय लागलं, कुणामुळे लागलं, ते मी त्याच दिवशी वहीत लिहिते आणि पालकांनी मागितली तर वही दाखवते. बावीस वर्षं लिहिते आहे. तिथे एक लिहायचं आणि परदेशात दुसरं, हे मला जमायचं नाही. वहीत तुझ्या नावावर अकरा ओरखडे आहेत. ते तारखांसकट उतरवले. शाळेच्या फाटकाचा खांब तीन वेळा, डेअरीचे क्रेट एकदा, मुख्याध्यापकांची स्कूटर एकदा (उभी होती, ते उभे नव्हते), बाकी भिंती. शेवटी लिहिलं आहे की कुणालाही इजा नाही आणि शेवटच्या दोन वर्षांत एकही ओरखडा नाही. तेही खरं आहे.

तू चिडशील. चीड.

आता तुझ्या बापाचं. कालच्या फोनवर तू ‘हो, गाडी मिळाली’ म्हणालीस. मी मागेच उभी होते. त्याने रंग विचारला, तू निळा म्हणालीस. तो आता फोटो मागतोय, मोठा करून दुकानात लावणार आहे. काचही कापून आणली आहे.

गाडी मिळाली असेल तर मला आधी का नाही लिहिलंस? मला रंग नको. किती चाललेली आहे आणि थंडीत एका किल्लीत सुरू होते का, एवढंच कळव.

आत्या


१ मे

प्रिय आत्या,

तुझं विम्याचं पत्र पोचलं, आभार. गाडी छान आहे. निळी आहे. एका किल्लीत सुरू होते. बऱ्यापैकी चाललेली आहे, पण फार नाही. सोबत फोटो आहे, तो बाबांना दे. कामाची गडबड आहे म्हणून थोडक्यात लिहिते. काळजी नसावी.

तुझीच


१३ मे

मास्तरीणबाई,

फोटो बापाला दिला. त्याने तो काचेत बसवून, जिथे दरपत्रक होतं तिथे लावला. आता गिऱ्हाइकं दर विचारतात आणि तो गाडी दाखवतो.

ती गाडी तुझी नाही.

मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली आहे. हे पहिलं. तू हातात किल्ली धरून ज्या दाराशी उभी आहेस त्या बाजूला स्टिअरिंग नाही. हे दुसरं. आणि ती किल्ली कुलपाची आहे. पण हे सगळं नसतं तरी मला कळलं असतं. आपल्या गाडीला माणूस टेकतो. मी बावीस वर्षं टेकते आहे. तू अशी उभी आहेस, जणू ती चावेल.

तुझ्या बापाला यातलं काही दिसलं नाही. त्याला फक्त तू दिसलीस. मी काही बोलले नाही. ते तू बोलायचंस.

पत्र एवढं तुटक लिहिलंस तेव्हाच कळलं की बँकेने नाही म्हटलं असणार. का म्हटलं असेल तेही सांगते. तू रोज संध्याकाळी पैसे भरत होतीस ना? मागच्या पत्रातच बोलणार होते, पण ओरखड्यांच्या नादात राहून गेलं. वाण्याकडे जो कायम रोख घेतो तो वाण्याच्या लक्षात राहत नाही. ज्याचं खातं असतं त्याच्या पोराबाळांची नावं त्याला पाठ असतात. सामान घेऊन तू दाराबाहेर पडायच्या आतच पैसे टाकलेस, तर वाणी वहीत लिहिणार काय?

हे मला कसं कळलं, असं तुझ्या मनात येईल. तर ऐक, आणि वाचून झाल्यावर हे पान फाडून टाक. माझी व्हॅन मी साठवलेल्या पैशांतून घेतली, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. ती पतपेढीच्या कर्जावर घेतली होती. पाच वर्षं हप्ते भरले. तुझ्या बापाला सांगितलं नाही. ‘आपल्या घरात कुणी कर्ज काढत नाही’ असं तो ज्या तोऱ्यात सांगतो ना, त्याच्या तोंडचं ते वाक्य काढून घ्यायला मन धजलं नाही. आणि मलाही पहिल्यांदा नाहीच म्हणाले होते. म्हणाले, जामीन आणा. मी बाईमाणूस, एकटी, कोण राहणार जामीन? पंधरा दिवस मी कुणाला विचारलंच नाही, कारण नाही ऐकायची लाज. मग शाळेतल्या शिपाईणबाईंना विचारलं. त्यांनी जेवणाचा डबा बंद केला, हात पुसले आणि म्हणाल्या, कुठे सही करू?

सगळ्याच अशा नसतात, मला माहीत आहे. पण कुणाला तरी विचार. नाही म्हणाली तर नाही. ज्या बाईच्या गाडीजवळ उभी राहून फोटो काढलास तिलाच का विचारत नाहीस? निदान ती कोण आहे ते तरी तुला माहीत असेल.

तारीख ३१ आहे हे मला पाठ आहे.

आत्या


१ जून

आत्या,

पान फाडलं नाही. तू म्हणशील, आज्ञाधारकपणा फक्त भाषणात आहे. असू दे.

आता सगळं खरं लिहिते. एप्रिलच्या शेवटी मी कर्जाचा अर्ज केला. चार पानांचा होता. स्टेपलरबाई परत आल्या होत्या. त्यांनी कागद बघितले, मशीन बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, ‘कार्ड घेतलंत, पण वापरलंत कुठे?’ मी म्हटलं, रोज वापरते. त्यांनी मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला. बिलाच्या तारखेला माझ्या नावापुढे शून्य. मी रोज संध्याकाळी इतकी मन लावून फेडत होते की बँकेच्या लेखी मी काही घेतलंच नव्हतं. मशीनला वाटलं, कार्ड कपाटात पडून आहे. ‘बिल येऊ द्या, मग तारखेच्या आत पूर्ण भरा, एवढंच करायचं होतं,’ असं त्या म्हणाल्या. सहा महिन्यांनी या, नाहीतर जामीनदार आणा. यावेळी मी भाषण दिलं नाही. रांगेतला माणूस उगाचच तयारीत होता.

त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला, फोटो कधी पाठवतेस म्हणून. मी अंगणात उतरले. खालच्या मजल्यावर एक बाई राहते, बेकरीत कामाला आहे. तिची निळी गाडी तिथे उभी असते. मी खोलीची किल्ली हातात धरली आणि समोरच्या आजोबांना फोटो काढायला सांगितलं. आपल्या घरातली पहिली पदवीधर, आत्या. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायची. दुसऱ्याच्या गाडीजवळ उभी राहून हसली.

तुझं पत्र २४ तारखेला मिळालं. २५ आणि २६ मी धैर्य गोळा करण्यात घालवले, म्हणजे खोली झाडली. २७ ला खाली गेले. बेकरीवाली भांडी घासत होती. मी ठरवलं होतं की आधी जामिनाचं बोलायचं, मग फोटोचं. तोंड उघडल्यावर उलटं झालं.

‘म्हणजे माझी गाडी तुझ्या बापाच्या दुकानात लावलीय?’ तिने विचारलं.

‘हो. काचेत.’

‘धुतलेली होती का तेव्हा?’

‘नव्हती.’

‘मग निदान पुसायची तरी,’ ती म्हणाली आणि घासलेली कढई माझ्या हातात दिली. मी पुसली. पुसता पुसता जामिनाचं विचारलं.

ती सरळ नाही म्हणाली. तिची सही आधीच भावाच्या आणि नणंदेच्या कर्जावर आहे आणि दोघंही तिला फोन करत नाहीत. मला वाटलं तेवढं वाईट वाटलं नाही. नाही ऐकलं, तरी मी तशीच उभी होते, आणि पुसायला अजून दोन ताटं होती.

मग तीच म्हणाली, ‘गाडी कशाला हवी आहे तुला? म्हणजे किती वाजता?’

तिचं काम पहाटेपासून आठपर्यंत असतं. साडेआठला गाडी अंगणात येते आणि एक फेरी सोडली तर दुसऱ्या पहाटेपर्यंत हलत नाही. तिला चारची वेळ नडते. मुलीची बालवाडी चारला सुटते आणि पहाटेपासून राबलेली ही त्या वेळी बसल्या जागी झोपते. दोनदा मुलगी तिथे एकटी थांबली, असं सांगताना ती माझ्याकडे न बघता नळ घट्ट करत होती. म्हणून आमचं असं ठरलं. दिवसा गाडी मी न्यायची, पेट्रोल माझं, विम्यात दुसरी चालक म्हणून माझं नाव घालायचा खर्च माझा, शनिवारी धुवायची मी. आणि चार वाजता मुलीला आणायचं मी.

हो, आत्या. मी शाळेची व्हॅन चालवते. एका मुलीची. एवढी पुस्तकं पाठ करून, एवढा समुद्र ओलांडून मी तुझ्या धंद्यात आले. तू हसत असशील तर हस. मी काल मुलीला तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. तिने माझ्या तोंडावर ठेवलं.

विमावाल्या बाईंनी तुझं पत्र माझ्यासमोर पुन्हा काढून वाचलं. मुख्याध्यापकांच्या स्कूटरपाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, ‘या महिन्यात कधीही अपघात न झालेले चाळीस लोक आले. तुम्ही एकट्याच असा कागद आणलात.’ हप्ता काही कमी केला नाही, पण नावही नाकारलं नाही. त्या पत्रावरून मी तुझ्यावर आठवडाभर मनातल्या मनात ओरडले होते. ते शब्द मागे घेते.

२९ ला आमच्या मुख्य बाईंकडे गेले. ‘गाडी माझी नाही, साडेआठच्या आधी मिळणार नाही, आणि चारला मला एका मुलीला आणायचं असतं’ असं एका दमात सांगून टाकलं. त्या आठवं कलम काढून वाचायला लागल्या. त्या म्हणाल्या, ‘गाडी कुणाच्या नावावर आहे ते आम्ही विचारत नाही. नऊ वाजता पेशंटच्या दारात कोण उभं राहतं ते विचारतो.’ मला नऊ ते साडेतीन दिलं आहे. पूर्ण वेळ नाही, म्हणून पगार ठरल्यापेक्षा चौथ्या हिश्शाने कमी. पण नोकरी कायम झाली. कागद मिळाला. यावेळचा कागद म्हणतो की मी आहे आणि राहणार आहे.

आज पहिल्या घरी गेले. एक निवृत्त घड्याळजी, उजवा हात लुळा. त्यांनी मला दारातच सांगितलं की आधीची बाई चांगली होती. मी म्हटलं, असणारच.

आता राहिलं एक. सोबत बाबांसाठी वेगळं पाकीट आहे. त्यात सगळं आहे, बँक, कार्ड, फोटो, बेकरीवाली. सहा महिन्यांनी मी पुन्हा कर्जाला अर्ज करणार आहे, हेही आहे. तुझ्या व्हॅनचं नाही, ते तुझं तू बघ. ते पाकीट त्यांच्या हातात दे आणि ते वाचतील तेव्हा तिथून हलू नकोस. ते रागावले तर मला फोनवर सांगू नकोस. लिही.

तुझी,
आता उभी राहिलेली


१५ जून

मास्तरीणबाई,

पाकीट दिलं. त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून वाचलं. मी बाहेर स्टुलावर बसले होते. मग मला म्हणाला, कागद आण. मी म्हटलं, मी लिहिते, तू सांग. तर म्हणाला, नको, मीच लिहितो. तीन दिवस लिहीत होता. काय लिहिलंय ते मला दाखवलं नाही. चिकटवून दिलं. सोबत आहे.

आत्या


मुली,

तुझं पत्र वाचलं. माझं अक्षर वाईट आहे, सावकाश वाच.

फोटो दुकानातून काढणार नाही. गिऱ्हाइकांना आता गाडी शेजारणीची आहे असं सांगतो. दोघाचौघांनी विचारलं, मग तुमची मुलगी काय करते? मी म्हटलं, ती चालवते.

तुझ्या आत्याची व्हॅन कर्जावर होती हे मला पहिल्या हप्त्यापासून माहीत आहे. पतपेढीचा वसुलीवाला त्याचा टेबलफॅन माझ्याकडेच दुरुस्तीला आणायचा. तिला सांगू नकोस. तिला लपवायला फार कष्ट पडले आहेत.

आता माझं. आपल्या घरात कुणी कर्ज काढत नाही, असं मी म्हणतो. तू ते बँकेत जाऊन सांगितलंस हे वाचून मला जेवण गेलं नाही. म्हणून सांगतो. तू दोन वर्षांची होतीस तेव्हा मी बँकेत गेलो होतो. वायर भरायचं मशीन घ्यायचं होतं, म्हणजे पाण्याच्या पंपांच्या जळक्या मोटारींची मोठी कामं मिळाली असती. साहेबाने फॉर्म दिला, चार पानांचा. आपल्या भाषेत नव्हता. मी बाकावर बसलो. नाव कुठे लिहायचं ते कळलं, तेवढं लिहिलं. पुढे काय विचारलंय ते कळेना आणि विचारायची लाज वाटली. शेजारी बसलेला माणूस बघत होता. मी घड्याळ बघितल्यासारखं केलं आणि उठलो. फॉर्म घडी करून खिशात घातला.

घरी तुझ्या आईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आपल्याला नको ते कर्जबिर्ज, आपल्या घराण्यात ते बसत नाही. तिला बरं वाटलं. मलाही बोलता बोलता बरं वाटलं. मग मी ते सगळ्यांनाच सांगत गेलो. आता बावीस वर्षं झाली, खरंच वाटायला लागलं होतं.

कर्ज मी काढलं नाही कारण मी पहिल्याच पानावरून परत आलो. तू चौथ्या पानापर्यंत गेलीस आणि तिथे नापास झालीस. आपल्या घरात इतक्या पुढे अजून कुणी गेलं नव्हतं.

बाबा